चिठ्ठीच्या घडीत

पोळ्याच्या रात्री सावरगावच्या आमच्या ओसरीवर आठ-दहा पोट्टे-पोट्ट्या जमत. बैल पुजून झालेले, पुरणपोळीचं जेवण अंगावर आलेलं, मोठी माणसं आतल्या खोलीत लवंडलेली. लाइन बहुधा गेलेली असे. मग कंदिलाची वात जरा चढवायची आणि कुणाच्या तरी वहीचं मधलं पान काढायचं. मधलंच, कारण कडेचं पान फाडलं की त्याचं जोडपान पुढे कधीतरी निखळतं आणि चोरी उघडी पडते. त्या पानाचे चार तुकडे, त्यांवर चार नावं, मग प्रत्येकाची सारखी घडी. ओंजळीत खुळखुळवून चिठ्ठ्या खाली टाकल्या की चार हात एकदम झडप घालत.

"मेरा मंत्री कौन?" हा प्रश्न आम्ही हिंदीतच विचारायचो. उत्तर मात्र मराठीत यायचं, "मी व्हय!" मग मंत्र्याने उरलेल्या दोघांच्या तोंडाकडे निरखून पाहायचं आणि चोर कोण, शिपाई कोण ते सांगायचं.

"मी काऊन चोर राहीन बे?"

"तुह्या तोंडावरच दिसून रायलं."

प्रश्न हिंदीत आणि उत्तर मराठीत, हे आमच्या मुलखाचं जुनंच आहे. नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात आम्ही होतो. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आमचे सौंसर-पांढुर्णा छिंदवाड्याबरोबर मध्य प्रदेशात राहिले. २०२३ मध्ये या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. घरात मराठी, शाळेत आणि कचेरीत हिंदी. कुठल्या दारात कोणती भाषा बाहेर काढायची हे इथलं मूल सहाव्या-सातव्या वर्षीच शिकतं. त्याला सोंग बदलणं वेगळं शिकवावं लागत नाही.

ही पुस्तिका त्या चार चिठ्ठ्यांपासून निघालेल्या खेळांची आहे. चिठ्ठीत प्रत्येकाला एक भूमिका मिळते, ती दुसऱ्याला दिसत नाही, आणि बोलण्यावरून, गप्प राहण्यावरून, नजरेवरून कोण कोण आहे ते इतरांनी ओळखायचं. जगभर असे खेळ आज पुष्कळ झाले आहेत. त्यांतल्या खास भूमिका, म्हणजे ज्याला इतरांहून काही जास्त माहीत असतं किंवा काही जास्त करता येतं अशा चिठ्ठ्या, हा या पुस्तिकेचा गाभा आहे. मी पंचवीसेक वर्षं शाळेत शिकवलं. त्या काळात वर्गातल्या, घरातल्या, लग्नघरातल्या मुलांबरोबर हे खेळ खेळून पाहिले, नावं बदलली, नियम काढले-घातले. जे टिकलं ते इथे आहे.

पण आधी पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाबद्दल बोलायला हवं. सावरगावच्या माणसाला ते टाळता येत नाही.

आमच्या आणि पांढुर्ण्याच्या मधून जाम नदी जाते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात. सावरगावने झाड राखायचं, पांढुर्ण्याने ते तोडून न्यायचं आणि चंडीमातेच्या देवळात वाहायचं. दोन्ही काठांवरून दगड चालतात. हीच गोटमार. पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावच्या मुलीला घेऊन नदी ओलांडत होता, दोन्हीकडून दगड आले आणि ती दोघं नदीतच मेली, अशी कथा सांगतात. माणसं आजही जखमी होतात, जीवही गेले आहेत. प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू ठेवून पाहिले, लोकांनी ते बाजूला सारून दगडच उचलले.

माझ्या आईचं माहेर पांढुर्णा. पूल ओलांडला की मामाचं घर. त्या दिवशी आईला ना इकडे उभं राहवत असे ना तिकडे. ती दिवसभर स्वयंपाकघरात भांडी घासत बसायची, घासलेलीच पुन्हा घासायची. आदल्या रात्री मात्र मामाचा मोठा मुलगा आमच्याच ओसरीवर असायचा. एका डावात तो राजा आणि मी त्याची मंत्री. पुढच्या डावात तो चोर आणि माझा सख्खा भाऊ शिपाई. चिठ्ठी कोणाचा जन्म कोणत्या काठावर झाला ते विचारत नव्हती. दर पाच मिनिटांनी बाजू नव्याने ठरायची. दुसऱ्या दिवशी दुपारी तेच दोघे समोरासमोरच्या काठांवर असत. ओसरीवरचा तो खेळ मला इतका जवळचा का वाटतो, याचं उत्तर मला त्या दोन दिवसांत सापडतं.

आता त्या चार चिठ्ठ्यांचा हिशोब पाहू. राजाला १०००, मंत्र्याला ८००, शिपायाला ५००, चोराला शून्य, असे गुण आम्ही लावायचो. मंत्र्याने बरोबर ओळखलं तर त्याचे ८०० त्याच्याकडे, चुकला तर ते चोराला. समोर दोनच माणसं, म्हणजे डोळे मिटून सांगितलं तरी निम्म्या वेळा बरोबर येणार. तेव्हा सरासरीने मंत्र्याला पडतात ४०० आणि चोरालाही ४०० च. चोराची चिठ्ठी उघडली की पोरं तोंड कसनुसं करतात, मंत्र्याची आली की फुलतात. कागदावर मात्र दोघांची किंमत सारखी. शिपायाला काहीही न करता ५०० मिळतात. आठांतून पाचांहून जास्त वेळा मंत्र्याला फसवणारा चोर शिपायाच्याही पुढे जातो. मी हे वर्गात फळ्यावर मांडलं तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "म्हंजे बाई, चोर होनं वाईट नाही, चोर दिसनं वाईट." गणिताच्या तासाला इतकं नेमकं वाक्य मी दुसरं ऐकलेलं नाही.

या खेळाची उणीव अशी की त्यात बोलणं नाही. मंत्री बघतो, सांगतो, संपलं. शिपाई स्वतःच्या बचावासाठी काही मांडत नाही, राजा तर हजार गुण घेऊन बसून राहतो. गुलामचोरमध्ये निदान भूमिका फिरते: पानांच्या जोड्या लागून खाली पडत जातात आणि बिनजोडीचा गुलाम या हातातून त्या हातात सरकत राहतो, ज्याच्याकडे शेवटी उरेल तो चोर. मामाचं पत्र हरवलं या खेळात पत्र आपल्याच पाठीमागे पडलेलं असतं आणि रिंगणात आपल्यालाच ते ठाऊक नसतं. हे सगळं आपल्याकडे होतं. चर्चा तेवढी नव्हती.

ती आणली मॉस्को विद्यापीठात मानसशास्त्र शिकणाऱ्या दिमित्री डेव्हिडॉफ याने, १९८६ मध्ये. त्याच्या खेळाचं नाव माफिया. त्याने एक साधी गोष्ट केली. थोड्या माणसांना एकमेकांची खरी ओळख दिली आणि पुष्कळ माणसांना काहीच दिलं नाही. रात्र होते, सगळे डोळे मिटतात, मग ते थोडे जण डोळे उघडून गुपचूप एकाचा बळी ठरवतात. दिवस उगवतो, गाव जमतं, बोलतं, भांडतं आणि हात वर करून संशयिताला बाहेर काढतं. ज्यांना माहीत आहे ते थोडे, ज्यांना माहीत नाही ते फार. पुढे १९९७ मध्ये अँड्र्यू प्लॉटकिन या अमेरिकन माणसाने माफियाच्या जागी माणसाचं रूप घेणारे लांडगे आणले आणि खेळ अंगणा-अंगणांत पोचला. २०१८ मध्ये निघालेला आणि २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी शिरलेला 'अमंग अस' हा मोबाइलवरचा खेळ याच घराण्यातला. अलीकडे हिंदीत झालेला 'द ट्रेटर्स' हा कार्यक्रमही त्यातलाच. आपल्या मुलांना हे 'बाहेरचं काहीतरी' वाटत असेल तर त्यांना ओसरीवरच्या चार चिठ्ठ्या दाखवाव्यात.

डेव्हिडॉफच्या मूळ खेळात गाव फार दुबळं आहे. २००८ मध्ये ब्रेव्हरमन, एतेसामी आणि मोसेल या तीन गणितज्ञांनी ते सिद्ध करून दाखवलं. गावात एकही पोलीस नसेल तर गावाला बरोबरीत रोखून धरायला माफियांची, म्हणजे आपल्या चोरांची, संख्या गावाच्या वर्गमुळाच्या आसपास असली तरी पुरते, म्हणजे गाव चौपट वाढवलं तर चोर दुप्पट केले की झालं. पण एकच माणूस असा घाला की जो दर रात्री एकाची खरी ओळख विचारू शकतो, आणि सगळं पालटतं. आता चोर गावाच्या ठरावीक हिश्शाइतके तरी असावे लागतात, नाहीतर ते टिकतच नाहीत. एका माणसाच्या एका प्रश्नाने एवढा फरक पडतो. खास भूमिका का लागतात याचं याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही.

या विचारणाऱ्याला मी पुस्तिकेत कोतवाल म्हटलं आहे आणि दर रात्री एकाला वाचवणाऱ्याला वैद्य. या दोघांबद्दल फार लिहीत नाही, एका डावात कळतात. सांगण्यासारखं त्यांच्या पलीकडे आहे. कोतवालाला सगळं खरं कळू लागलं की तो दुसऱ्या दिवशी उठून सांगतो, गाव ऐकतं आणि खेळ आटपतो. त्यावर उपाय म्हणून खेळणाऱ्यांनी दोन भूमिका काढल्या. एक असा चोर जो कोतवालाला सज्जन दिसतो, एक असा सज्जन जो कोतवालाला चोर दिसतो. पहिल्याला मराठीत शब्द तयारच होता, साळसूद. दुसऱ्याला नाव शोधताना मी बरेच दिवस अडले होते. शेवटी एका मुलीने सुचवलं, "बाई, तो बदनाम हाये ना." तेच ठेवलं. बदनामाची चिठ्ठी ज्याला येते त्यालाही आपण बदनाम आहोत हे सांगायचं नाही, असा एक प्रकार आहे. तो स्वतःला साधा गावकरी समजतो, कोतवाल प्रामाणिकपणे त्याच्यावर बोट ठेवतो, आणि दोघेही खरं बोलत असतात. असा डाव रंगला की पोरं पाणी प्यायलाही उठत नाहीत.

२००१ मध्ये फ्रान्समध्ये फिलिप दे पालिएर आणि एर्वे मार्ली यांनी लांडग्यांच्या खेळाची एक पत्त्यांची पेटी काढली. त्यात एक लहान मुलगी आहे. रात्री लांडगे डोळे उघडतात तेव्हा ती बोटांच्या फटीतून चोरून पाहू शकते. पण त्यांनी तिला पाहताना पकडलं तर त्या रात्रीचा बळी तीच. खेळाच्या साऱ्या जगात मला ही भूमिका सर्वांत आवडते, कारण तिची ताकद आणि तिची किंमत एकाच कृतीत आहे. किती पाहायचं ते तिनेच ठरवायचं. आमच्याकडे तिला मी फटीतली पोर म्हणते. माझ्या अनुभवात ही चिठ्ठी आलेली दहांतली आठ मुलं पहिल्या रात्री डोळे घट्ट मिटून घेतात. दुसऱ्या रात्री एक पापणी हलते.

आता विदुर. २०१२ मध्ये डॉन एस्क्रिज याने आर्थर राजाच्या कथेवर ॲव्हलॉन हा खेळ बसवला. त्यात मर्लिन नावाचा जादूगार आहे. त्याला दुष्ट कोण ते सुरुवातीपासून ठाऊक असतं. पण शेवटी दुष्टांनी नेमका मर्लिन ओळखला तर हरलेला डावही ते जिंकतात. म्हणजे माहीत आहे, पण माहीत असल्याचं दिसू द्यायचं नाही. मी हा नियम वाचला आणि मला मर्लिनच्या आधी विदुर दिसला. वारणावताला निघालेल्या युधिष्ठिराला लाक्षागृहाची सूचना द्यायची आहे, सभोवती कौरवांची माणसं आहेत. विदुर त्याच्याशी इतरांना न कळणाऱ्या बोलीत बोलतो. आगीपासून बिळात राहणारा प्राणी वाचतो, अशा अर्थाचं काहीतरी. युधिष्ठिर म्हणतो, समजलं. सगळ्यांच्या देखत सांगितलं आणि कुणालाच कळलं नाही. या भूमिकेचं मराठी नाव दुसरं असूच शकत नव्हतं.

एका उन्हाळी शिबिरात सातवीच्या मुलांबरोबर आम्ही विदुराचा डाव मांडला. वर्गात कधी तोंड न उघडणारी एक मुलगी त्यात होती. पहिल्या दिवशी सगळ्या गावाने एका निर्दोष मुलाविरुद्ध हात वर केले, तिनेही केला. दुसऱ्या दिवशी ती एकच वाक्य बोलली: "काल सर्वांत आधी हात कोनं वर केला होता, ते कोनाले आठवते का?" बाकी काही नाही. गाव त्या दिशेने वळलं आणि दोन्ही चोर एकामागून एक सापडले. मग चोरांची शेवटची संधी होती, विदुर ओळखायची. दोघांनी डोकी जवळ आणून बरंच खलबत केलं आणि वर्गातल्या सर्वांत बोलक्या मुलावर बोट ठेवलं. चूक. त्या मुलीने मूठ उघडली. शाईने लिहिलेली चिठ्ठी घामाने भिजली होती आणि 'विदुर' ही अक्षरं तिच्या तळव्यावर उलटी उमटली होती. पहिल्या दिवशी निर्दोषावर हात का वर केलास, असं मी नंतर विचारलं. ती म्हणाली, "नाही केला असता तर मी दिसली असती ना." ती त्या मुलाकडे जाऊन माफीही मागून आली होती.

महाभारताचा विषय निघालाच आहे तर विराटपर्वाकडे जरूर जावं. भूमिका लपवण्याच्या खेळाचे सगळे नियम तिथे आहेत. मुदत एक वर्ष. ओळखले गेले तर पुन्हा बारा वर्षं वनवास. युधिष्ठिर कंक झाला, भीम बल्लव, अर्जुन बृहन्नडा, नकुल ग्रंथिक, सहदेव तंतिपाल आणि द्रौपदी सैरंध्री. प्रत्येकाने असं सोंग घेतलं की अंगचं कसब वापरता येईल आणि तरी ओळख लपेल. शस्त्रं शमीच्या झाडावर ठेवली आणि कुणी जवळ फिरकू नये म्हणून तिथे प्रेत टांगलं. शिवाय आपसात हाक मारायला पाच गुप्त नावं ठेवली: जय, जयंत, विजय, जयत्सेन आणि जयद्बल. सोंगाखाली आणखी एक घडी. मग कीचक प्रकरण येतं आणि भीमाला रात्री हात उचलावा लागतो. हेरांना पांडव सापडलेले नसतात, पण कीचक मेल्याची बातमी हस्तिनापुरात पोचते, आणि विराटाचा सेनापती गेला तेव्हा चढाई करावी असा सल्ला त्रिगर्तांचा राजा सुशर्मा देतो. रात्री झालेला प्रत्येक मृत्यू दिवसाला काहीतरी सांगून जातो, हे आमच्या खेळातल्या चोरांनी आधी शिकायला हवं.

मराठी रंगभूमीने तर या पर्वावर आणखी एक घडी घातली. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'कीचकवध' १९०७ मध्ये रंगभूमीवर आलं. मंचावर कीचक होता, प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसत होता. सैरंध्रीत देश, कंकात मवाळ आणि बल्लवात जहाल दिसत होते. कुणीही नाव घेतलं नव्हतं. सरकारने १९१० मध्ये नाटकावर बंदी घातली. नाटकगृहातल्या शेकडो माणसांना एकच गुपित ठाऊक होतं आणि ते एकमेकांना न सांगता सगळे टाळ्या वाजवत होते. विदुराचा डाव एवढ्या मोठ्या संख्येने खेळल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

एक भूमिका मी या पुस्तिकेतून काढून टाकली आहे, त्याबद्दल खुलासा करते. परदेशी पेट्यांमध्ये चेटकीण असते. तिच्याकडे एक जीव वाचवणारं आणि एक जीव घेणारं औषध. खेळ म्हणून भूमिका उत्तम आहे. पण सातपुड्याच्या आसपासच्या गावांत बाईला करणीवाली ठरवून मारहाण करणं, गावाबाहेर काढणं, जीवानिशी मारणं हे घडलेलं आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी झटले तो त्यांच्या खुनानंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात झाला. त्याची हद्द आमच्या गावाच्या थोडी अलीकडेच संपते. मुलांच्या तोंडी 'ती चेटकीण आहे, तिला काढा' हे वाक्य, खेळात का होईना, मी घालणार नाही. दोन औषधांची ती भूमिका इथे वैदू म्हणून आहे. नियम तेच, फक्त नाव बदललं आहे. काही जण म्हणतील की खेळात काय एवढं. मला नाव महत्त्वाचं वाटतं.

याच संदर्भात राईनपाड्याचं नाव घेणं मला भाग आहे. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातलं हे गाव. १ जुलै २०१८ ला बाजाराच्या दिवशी तिथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण आले होते, भिक्षा मागत गावोगाव फिरणारे. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे अशी अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून पसरलेली होती. जमावाने त्या पाच जणांना ठार मारलं. लपलेली भूमिका त्यांच्याकडे नव्हती, ती जमावाने त्यांच्या माथी मारली. या खेळांना विरोध करणारे पालक मला विचारतात, गावाने मिळून एकाला बाहेर काढायचं हे मुलांना का शिकवता? मी त्यांना सांगते की पहिले दोन डाव तरी शेवटपर्यंत बसून पाहा. हात वर होतात, एकाला बाहेर काढतात आणि मग तो आपली चिठ्ठी उलगडतो. त्यावर लिहिलेलं असतं: गावकरी. त्या क्षणी ओसरीवर जी शांतता पडते ती मी शेकडो वेळा पाहिली आहे. कुणीतरी म्हणतं, "आपून त्याले उगाच काढलं." हे वाक्य दहाव्या वर्षी, चिठ्ठीच्या खेळात, ज्याचं काही बिघडलेलं नाही अशा मित्राकडे पाहून म्हणता आलेलं बरं. राईनपाड्यात उलगडायला चिठ्ठी नव्हती.

खेळ मांडणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. किती माणसांत किती चोर, याचा एक चांगला नमुना एस्क्रिजच्याच २००९ च्या खेळात आहे: पाच किंवा सहा माणसांत दोन, सात ते नऊ माणसांत तीन, दहांत चार. त्या खेळात कोणी बाद होत नाही म्हणून एवढे चालतात. आमच्या रात्र-दिवसाच्या खेळात मी आठांत दोन आणि बारांत तीन ठेवते. रात्र-दिवस पुकारणाऱ्याला मी सूत्रधार म्हणते. त्याने खेळायचं नाही, आवाज एकसारखा ठेवायचा आणि चोर बसले आहेत त्या बाजूला तोंड करून बोलायचं नाही. हे लहानसं वाटेल, पण मुलं आवाजाच्या दिशेवरून ओळखतात. चिठ्ठ्यांचा कागद एकाच वहीचा, पेन एकच, घडी एकाच माणसाने घातलेली. बाद झालेल्या मुलाला बाजूला ताटकळत ठेवू नये, त्याला सूत्रधाराचा मदतनीस करावा. आणि चिठ्ठी मिळाल्यावर लगेच रडवेलं होणारं मूल असेल तर त्याला त्या डावात चोर करू नका. हे नियमात बसत नाही, तरी करा.

खास भूमिकांचा मोह होतो, तो आवरावा. नवा सूत्रधार बारा जणांत दहा खास भूमिका वाटतो आणि मग प्रत्येक जण उठून आपलीच शक्ती सांगत सुटतो. एका डावात खास चिठ्ठ्या गावकऱ्यांच्या निम्म्याहून जास्त नसाव्यात, असं माझं मत बनलं आहे. कारण साधा गावकरी ही या खेळातली सर्वांत अवघड भूमिका आहे. त्याला रात्री काही दिसत नाही, काही विचारता येत नाही, कुणाला वाचवता येत नाही. दिवसा मात्र त्याच्याच हाताने निकाल लागतो. नुसतं ऐकून, आठवून, दोन माणसांच्या बोलण्याचा मेळ घालून त्याला मत बनवायचं असतं, आणि ते चुकलं तर सगळ्यांसमोर कबूल करायचं असतं. कोतवाल होऊन चांगलं खेळणारी मुलं मी पुष्कळ पाहिली. गावकरी होऊन चांगलं खेळणारी मोजकी, आणि त्यांची नावं मला अजून आठवतात.

म्हणून ही पुस्तिका हातात घेणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती. चिठ्ठ्या करताना बहुतेक जण वेळ वाचवायला गावकऱ्याची चिठ्ठी कोरी ठेवतात. कंदिलापुढे धरली की कोरा कागद लगेच ओळखू येतो हे एक. दुसरं, कोरी चिठ्ठी उघडणाऱ्या मुलाचं तोंड पाहा, त्याला काहीच मिळालं नाही असं वाटतं. तेव्हा सहा गावकरी असतील तर सहाही चिठ्ठ्यांवर, विदुराच्या चिठ्ठीवर लिहाल तितक्याच ठळक अक्षरांत, 'गावकरी' असं लिहा.

सावरगाव,
पिठोरी अमावास्या